वैनगंगेपलीकडचे दोन शेजारी

काही वर्षांपूर्वी मिशन रविवारच्या मिस्सामध्ये मी केलेल्या एका प्रवचनाची टोचणी मला आजही आहे. त्या दिवशीचा विषय होता श्रमाचे मोल. गडचिरोलीच्या अरण्यातील मिशनकार्याची माहिती देता देता मी भाविकांपुढे तेथील दोन समाजांचे चित्र उभे केले. एकीकडे पूर्व बंगालमधून परागंदा होऊन आलेले निर्वासित. अंगावरच्या वस्त्रांनिशी ते आले, त्यांनी रान साफ केले, भाताच्या बांध्या घातल्या, तळ्यांत मासे सोडले, मुलांना शाळेत धाडले आणि एक-दोन पिढ्यांत ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. दुसरीकडे माडिया गोंड. शतकानुशतके त्याच अरण्यात राहूनही ते जेथे होते तेथेच राहिले. या चित्राला मी संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला जोडला आणि बोध काढला की, देवाने दिलेले जो राबवतो त्यालाच अधिक दिले जाते.

मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध शेतकरी साक्रिस्तीत आले. म्हणाले, "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू? दाखल्यातल्या तिसऱ्या दासाच्या हाती निदान एक तालांत तरी दिला होता. तुमच्या त्या माडियांच्या हाती कोणी काय दिले होते?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या भागात सेवा करणाऱ्या एका गुरुबंधूंकडे काही दिवस राहण्याचा योग आला. त्या निमित्ताने वाचन झाले, माणसे भेटली, आणि माझे प्रवचन किती अर्धवट ज्ञानावर उभे होते हे ध्यानी आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वृद्ध गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

राज्यकर्त्यांचे वनवासी कसे झाले?

गोंड समाजाला शेती ठाऊक नव्हती, राज्यव्यवहार ठाऊक नव्हता, हा समज प्रथम दूर करावयास हवा. आजचे चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, ही गोंड राजांची राजधानी. शिरपूर, बल्लारपूर आणि मग चांदा असा त्यांच्या राजधान्यांचा प्रवास सांगितला जातो. शहराभोवतालचा परकोट आणि त्याच्या वेशी आजही उभ्या आहेत. रान तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला आणि तळे बांधणाऱ्याला या राजांकडून जमीन मिळे, अशी त्या प्रदेशाची परंपरा आहे. पूर्व विदर्भातील तळ्यांचा वारसा पाहिला की ती परंपरा पोकळ नसावी असे वाटते. म्हणजे 'जो जमीन कसेल त्याला जमीन' हा न्याय त्या मातीला परका नव्हता.

१७५१ साली नागपूरच्या भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य खालसा केले. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५३ मध्ये रघुजी भोसले तिसरे निपुत्रिक वारल्यावर सारा मुलूखच त्यांच्या ताब्यात गेला. १८५८ साली मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंडांची फौज उभारून इंग्रजांशी झुंज दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आले. गोंडांच्या राजकीय सत्तेचा तो शेवटचा हुंकार होता.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. सारे गोंड एक नव्हेत. मैदानी भागातील राजगोंड शेतकरी होते, काही जमीनदार होते. वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे, इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडच्या डोंगरांत व एटापल्लीच्या रानांत राहणारे ते माडिया. त्यांची बोली वेगळी, गोटुलाभोवती गुंफलेले ग्रामजीवन वेगळे आणि जमिनीशी असलेले नातेही वेगळे. डोंगरउतारावरचे रान तोडून जाळायचे, राखेत कोसरी-कुटकीसारखे धान्य पेरायचे, दोन-तीन हंगामांनी तो तुकडा रानाला परत द्यायचा आणि दुसरीकडे जायचे. अशा जीवनात जमीन गावाची असते आणि गाव देवाचे असते. 'माझा सातबारा' ही कल्पना तेथे जन्मूच शकत नव्हती.

या लोकांचे म्हणणे कान देऊन ऐकणाऱ्या पहिल्या परकीयांत एका मिशनऱ्याचे नाव येते, याची नोंद आपण घ्यावी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकापासून नागपुरात होते. गोंडांच्या पुराणगीतांची त्यांनी टिपणे करून ठेवली. १८६३ मध्ये त्यांचा अकाली अंत झाला आणि १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आज त्यांचे नाव सांगते. हिस्लॉप गोंडांची स्मृती कागदावर उतरवत होते, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकार गोंडांचे अरण्य दुसऱ्या एका कागदावर उतरवणार होते.

अरण्य सरकारजमा झाले

तो कागद म्हणजे १८७८ चा वन कायदा. त्या कायद्याने 'राखीव वन' ही संज्ञा रूढ झाली. आलापल्लीच्या परिसरातील सागवान हे साम्राज्याचे धन ठरले. फिरत्या शेतीकडे अधिकारी अरण्याची नासाडी म्हणून पाहू लागले. ती कोठे बंद झाली, कोठे आक्रसली. जळण, घरासाठी बांबू, गुरांना चारा या गोष्टी गावाला मिळत राहिल्या, पण त्यांचे नाव आता हक्क नव्हते. 'निस्तार' म्हणून दिलेली ती सवलत होती. १९२७ च्या कायद्याने ही चौकट आणखी घट्ट केली.

स्वातंत्र्याने चित्र पालटावयास हवे होते. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या (चांदा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता) आणि अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदारीची अरण्ये शासनाकडे आली. जमीनदार गेला, त्याच्या जागी वनरक्षक आला. माडियाच्या दृष्टीने मालकाचा फक्त गणवेश बदलला. १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याने तेंदूपानांसारख्या गौण वनोपजाच्या व्यापाराचे नियमन शासनाने आपल्या हाती घेतले. म्हणजे ज्या झाडाखाली त्याचे आजोबा जन्मले, त्या झाडाचे पान तोडून विकावयाचे तर ते कोणाला विकायचे आणि काय भावाने, हेही दुसऱ्याने ठरवावयाचे.

या कहाणीत एक विलक्षण विसंगती आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. पुढे कित्येक दशके या अरण्यांतील बांबू त्या कारखान्यात जात राहिला आणि त्याचा शुभ्र कागद होऊन देशभर पसरला. आपल्या मुलांच्या वह्यांत आणि कदाचित आपल्या प्रार्थनापुस्तकांतही तो आला असेल. ज्यांच्या रानातल्या बांबूचा तो कागद झाला, त्यांच्यापाशी मात्र आपण ज्या भूमीवर राहतो ती आपली आहे असे सांगणारा कागदाचा एक कपटाही नव्हता.

पद्मेच्या काठाहून आलेली माणसे

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावे लागतात. घरांपुढे तुळस, परसात केळी, जवळ तळे आणि कानावर पडते ती बंगाली भाषा. चंद्रपूर शहरातील 'बंगाली कॅम्प' तर सर्वपरिचित आहे. ही माणसे आली कोठून?

त्यांच्यापैकी बहुसंख्य नमःशूद्र समाजाचे. पूर्व बंगालच्या फरिदपूर, बारिसाल, खुलना, जेसोर या पाणथळ जिल्ह्यांतील हे शेतकरी व मच्छिमार. सवर्ण समाज त्यांना एका तिरस्कारवाचक नावाने ओळखत असे. ते नाव सरकारी जनगणनेतून जाऊन 'नमःशूद्र' हे नाव १९११ मध्ये मान्य झाले, ते मोठ्या झगड्यानंतर. त्या झगड्याचे केंद्र फरिदपूर जिल्ह्यातील ओराकांदी हे खेडे होते. तेथील हरिचंद ठाकूर यांनी मतुआ पंथ स्थापिला आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी समाजाला शिक्षणाचा ध्यास लावला. गुरुचंदांच्या साह्याला ऑस्ट्रेलियाचे बॅप्टिस्ट मिशनरी डॉ. सेसिल मीड आले आणि १९०६ च्या सुमारास ओराकांदीला राहू लागले. तेथे शाळा वाढल्या, दवाखाना चालला. गुरुचंदांनी मिशनऱ्यांकडून शाळा घेतली, धर्मांतर मात्र केले नाही, आणि मीडनीही आपले कार्य सोडले नाही. मिशनकार्याचा हा धडा आपणही मनन करण्याजोगा आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई प्रांतातून संविधान सभेवर निवडून जाऊ शकले नाहीत. त्यांना बंगालमधून निवडून पाठविण्यात पुढाकार होता तो नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचा. हेच मंडल फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० च्या दंगलींत आपल्या लोकांची ससेहोलपट पाहून, त्याच वर्षी राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्या पाठोपाठ आणि आगेमागे लाखो नमःशूद्र सीमा ओलांडून आले. जानेवारी १९६४ मध्ये खुलना व इतर जिल्ह्यांत पुन्हा दंगली उसळल्या आणि निर्वासितांचा नवा लोंढा आला.

पश्चिम बंगालने आपल्याकडे जागा नाही असे म्हटले. केंद्र शासनाने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला होता. कोरापूट, कालाहंडी आणि बस्तर येथे निर्वासितांना वसवावे आणि त्या निमित्ताने आदिवासी भागाचाही विकास साधावा, अशी ती योजना होती. रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसे नाना दिशांना पाठविण्यात आली. साठच्या दशकातच बस्तरला लागून असलेल्या आपल्या चांदा जिल्ह्यातही त्यांच्या वसाहती झाल्या. तळ्या-नद्यांच्या देशातील माणसे हिवतापाच्या आणि वाघांच्या अरण्यात येऊन पडली.

त्यांना काय मिळाले? कुटुंबागणिक काही एकर जमीन, घरासाठी जागा, बैल व बियाण्यासाठी कर्ज, वसाहतीत विहीर, शाळा, रस्ता. हे सारे अपुरे होते. प्रकल्पाचे एकेकाळचे अध्यक्ष शैबालकुमार गुप्ता यांनीच १९६५ मध्ये जमिनीच्या निकृष्टपणावर आणि कारभारावर कडक टीका केली. १९७८ साली दंडकारण्यातील हजारो कुटुंबे हताश होऊन सुंदरबनातील मरिचझापी बेटाकडे निघून गेली आणि १९७९ मध्ये तेथून त्यांना बळाने हुसकण्यात आले. तेव्हा निर्वासितांना सारे आयते मिळाले असे कोणी समजू नये. पण अपुरे का होईना, त्यांच्या नावाने कोठेतरी काहीतरी लिहिले गेले होते. यादीत नाव होते, वसाहतीला क्रमांक होता, शेताला सीमा होती. त्यांच्या पाठीशी पिढ्यान्पिढ्यांचे भातशेतीचे कसब होते, बाजाराचा सराव होता, छापील पुस्तकांची भाषा होती आणि गुरुचंदांनी लावलेली शाळेची ओढ होती.

१९६४ चा एक राजीनामा

या दोन समाजांची गाठ पडली ती इतिहासाच्या एका अवघड वळणावर. १९६२ च्या निवडणुकीत चांदा मतदारसंघातून लाल श्याम शाह हे गोंड नेते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले होते. ते मोहला-पानाबरसचे जमीनदार, पण साधेपणाने राहणारे आणि आदिवासींच्या जमीन-जंगलासाठी पायी हिंडणारे. १९६४ मध्ये त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांना आदिवासींच्या प्रदेशात वसविण्याचे धोरण आणि त्यासाठी होणारी जंगलतोड हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

हा राजीनामा मी पुनःपुन्हा मनात घोळवला. लाल श्याम शाह चुकले होते काय? निर्वासितांचा द्वेष हे त्यांचे कारण नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता की, जे रान आमच्या लोकांना एक झाड तोडण्यासाठी बंद आहे, तेच रान दुसऱ्यांच्या वसाहतीसाठी हजारो झाडे पाडून मोकळे कसे होते? शासनाला आदिवासीची वहिवाट 'अतिक्रमण' दिसते आणि निर्वासिताची वसाहत 'विकास' दिसते, हा कोणता न्याय?

आणि निर्वासितांचे चुकले होते काय? तेही नाही. त्यांनी हे अरण्य मागितले नव्हते. जळत्या घरातून मूल काखोटीला मारून निघालेली आई, आपल्याला कोणाच्या देवराईत नेऊन बसवतात हे विचारू शकत नाही. दोन दुबळ्यांना एका घोंगडीत निजवून घोंगडी कोणाची याचा निवाडा मात्र कोणीही केला नाही.

तुलना करायची ती कशाने?

त्यानंतर सहा दशके लोटली. १९८२ साली २६ ऑगस्ट रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८० नंतर हा प्रदेश दीर्घकाळ नक्षलवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांच्या छायेत राहिला. त्याची झळ दोन्ही समाजांना लागली, पण डोंगरातल्या माडियांना अधिक. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात गडचिरोली राज्यातील पस्तीस जिल्ह्यांत शेवटच्या स्थानावर होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती आणि राज्यातील अनुसूचित जमातींची सुमारे ६६ टक्के. माडियांची गणना तर शासनानेच आदिम जमातींत, म्हणजे मागासांतल्या मागासांत केली आहे.

बंगाली वसाहतींत चित्र निराळे दिसते. भात आणि भाजीपाला पिकतो, तळ्यांतले मासे आठवडी बाजारात येतात, लहानसहान दुकाने व कारागिरी यांत बंगाली माणूस दिसतो, मुले शिकून नोकरीला लागतात. आष्टीहून अहेरीकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मला म्हणाले, "फादर, बंगाली माणूस खडकावर भात पिकवील, आणि हे जंगली लोक मोहाच्या झाडाखाली झोपून राहतील." माझ्या प्रवचनात मी हेच म्हटले होते, फक्त भाषा जरा सभ्य होती.

पण तुलना करावयाची तर साऱ्या मापांनी करावी. राजकीय प्रतिनिधित्वाचे माप घेतले तर पारडे फिरते. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, तसाच गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघही. बंगाली माणूस तेथे मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. शिवाय, ज्या नमःशूद्रांची गणना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत होते, त्यांचे नाव महाराष्ट्राच्या यादीत नाही. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठविले, त्याच समाजाच्या मुलाला बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. यादीत नाव नसल्याने जनगणनेत त्यांच्या जातीचे वेगळे आकडेही निघत नाहीत. जमिनीच्या पूर्ण मालकीसाठी आणि मातृभाषेतून शिक्षणासाठी या वसाहतींनी वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत.

आणखी एक माप आहे ते स्त्रीजन्माचे. २०११ साली महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, गडचिरोलीत ९८२. सहा वर्षांखालील बालकांत राज्याचे प्रमाण हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, तर गडचिरोलीचे ९६१. मानव विकासात शेवटचा ठरलेला जिल्हा मुलीला जगू देण्यात आपल्या सुशिक्षित, श्रीमंत जिल्ह्यांच्या पुढे आहे. त्या बसमधल्या गृहस्थांना मी हे सांगावयास हवे होते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते.

कागद हाती आल्यावर

माझ्या मूळ प्रश्नाचा निकाल लावणारा पुरावा मला वसाहतींत मिळाला नाही. तो धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभरएक उंबऱ्यांच्या गोंड गावाने दिला. आदिवासी मागे राहिला तो त्याच्या स्वभावामुळे की त्याच्या हाती काही नव्हते म्हणून, हे पाहण्याचा एकच मार्ग आहे: त्याच्या हाती काही द्यावे आणि काय होते ते पाहावे. मेंढ्यात ते घडले.

देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने या गावाने ऐंशीच्या दशकापासून ग्रामसभा घडवली. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा, अभ्यासमंडळ चालवायचे, जंगल राखायचे, हा त्यांचा रिवाज झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभेला मान दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने, वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे हे संसदेने प्रथमच आपल्या कायद्यात लिहून मान्य केले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा पट्टा मिळाला. देशात असा पट्टा मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही वनखाते बांबू वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेला देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

पुढे काय झाले? बांबू विकून गावाच्या खात्यात लक्षावधी रुपये आले. गावाने हिशेब ठेवले, गावकऱ्यांना काम दिले, तोडीचे नियम पाळले. जे 'आळशी' म्हणून हिणवले जात होते, तेच आता आपल्या रानाचे कारभारी झाले. पाठोपाठ गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि कित्येक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. माणसे तीच, अरण्य तेच, मोहाचे झाडही तेच. बदलला तो एक कागद.

शाळेचेही तसेच. भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या तेथील शाळेतून बाहेर पडलेली माडिया मुले डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. मूल तेच होते, त्याच्या दारात शाळा आली इतकेच.

आणि याच वनहक्क कायद्यात बंगाली शेजाऱ्याला मात्र वाटा नाही. आदिवासी नसलेल्या वनवासीला, डिसेंबर २००५ पूर्वी पंचाहत्तर वर्षांपासून आपण तेथे राहत असल्याचे सिद्ध करावे लागते. जो साठच्या दशकात आला, तो हे कोठून सिद्ध करणार? म्हणजे एकाला जेथे पट्टा होता तेथे दुसऱ्याला नव्हता, आणि दुसऱ्याला जेथे मिळाला तेथे पहिल्याला नाही. त्यांच्या उत्कर्षाची आणि दैन्याची गणिते मांडताना आपण रक्त, स्वभाव, संस्कृती यांचे हवाले देतो. या दोन समाजांच्या बाबतीत तरी हिशेबाची वही वेगळेच सांगते. ज्याच्या नावावर जे लिहिले गेले त्याला ते पिकवता आले. जे लिहिले गेले नाही ते त्याचे असूनही त्याला राबवता आले नाही.

नाबोथ आणि मिसरचे प्रवासी

पवित्र शास्त्रात राजे यांच्या पहिल्या ग्रंथात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी विकणार नाही. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यावर राजमुद्रा उठवली आणि त्या पत्रांनी नाबोथाचा जीव व मळा दोन्ही घेतले. सेमिनरीत ही कथा शिकताना मी राजाच्या लोभाकडे पाहिले होते. आता माझी दृष्टी त्या मुद्रांकित कागदावर खिळते. त्याच पवित्र शास्त्रात, हेरोदाच्या भयाने रातोरात मिसर देशी निघून गेलेले एक कुटुंब आहे. परक्या भूमीत त्यांना कोणीतरी आसरा दिला म्हणून आपले तारण झाले. वैनगंगेपलीकडे नाबोथ आणि ते निर्वासित कुटुंब एकमेकांचे शेजारी आहेत. त्यांपैकी कोण अधिक उद्योगी याचे गुण देण्यासाठी ख्रिस्तसभेला तेथे पाठविलेले नाही.

ख्रिस्तसभा तेथे गेली आहे हे मात्र खरे. १९६२ साली चांदा हे सीरो-मलबार ख्रिस्तसभेला केरळाबाहेर मिळालेले पहिले मिशनक्षेत्र ठरले आणि कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या संघाच्या धर्मगुरूंनी ते उभारले. धर्मभगिनींनी दवाखाने आणि शाळा चालवल्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, आदिवासींना भूमी ही विक्रीची वस्तू वाटत नाही, ती देवाची देणगी आणि पूर्वजांचे विश्रांतिस्थान वाटते, असा आशय मांडला. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पहाडावर आज लोहखनिजाची खाण चालू आहे आणि त्याच पहाडावर माडियांचा ठाकूरदेव आहे. तेथे पुन्हा एकदा कोणाच्या नावे काय लिहिले जाते यावर पुढच्या पिढीचे भवितव्य अवलंबून आहे.

वसईकर वाचकांना हे दूरचे वाटू नये. आपल्या वाड्या, आपल्या बावखली, हिरव्या पट्ट्याचे नकाशे आणि बिल्डरांच्या फायली यांचा अनुभव आपल्यालाही आहे. त्यासाठीच हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. उद्या कोणी म्हणाले की, हे वसईचे शेतकरी मागे पडले कारण ते आळशी होते, तर आपल्याला काय वाटेल?

तालांतांच्या दाखल्यावर मी त्यानंतरही प्रवचने केली आहेत. आता मी प्रथम विचारतो, धन्याने कोणाच्या हाती काय दिले, आणि वाटेत ते कोणी काढून घेतले. पुढच्या मिशन रविवारी आपल्या धर्मग्रामातून जे दान जाईल, त्यातील काही वाटा वनहक्काचे दावे भरून देण्यासाठी आणि वसाहतींतील जमिनीचे व जातीचे कागद मिळवून देण्यासाठी वापरावा, अशी विनंती मी त्या गुरुबंधूंना केली आहे. त्यांनी ती मान्य केली. साक्रिस्तीत मला प्रश्न विचारणारे ते वृद्ध शेतकरी आता हयात नाहीत. त्यांना हे उत्तर पुरेसे वाटले असते की नाही, मला सांगता येत नाही.